कपाटात एकतीस, दोरीवर चार

या लेखात मला एका साध्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. कपाटात एकतीस साड्या असलेल्या, बऱ्यापैकी नीटनेटक्या आणि गणित शिकवणाऱ्या बाईला रोज सकाळी सव्वासहा वाजता 'आपल्याकडे नेसायला काहीच नाही' असे का वाटावे? प्रश्न माझा आहे. एकतीस ही संख्याही माझीच. ती मी दोनदा मोजून घेतली आहे. उत्तर मात्र माझे नाही. ते माझ्या घरमालकिणीने काढले, आणि तेही माझे कपाट एकदाही न उघडता.

त्यामुळे उत्तराआधी उत्तर काढणारीची ओळख करून देणे भाग आहे.

उत्तरेश्वर पेठेत त्यांचे लहानसे दुमजली घर होते. खाली त्या आणि त्यांचा मुलगा, वरच्या दोन खोल्यांत मी भाड्याने. मुलगा शिरोली एमआयडीसीत कामाला जाई, त्यामुळे दिवसभर घरात त्या एकट्याच. मी त्यांना मावशी म्हणत असे, त्या मला बाई म्हणत. आमच्याकडच्या पुष्कळ बायकांप्रमाणे त्या स्वतःविषयी 'मी जातो, मी बघतो' असेच बोलत, आणि आवाज असा की अंगणात कोणाला गुपित सांगितले तरी ते गच्चीवर स्वच्छ ऐकू येई.

इचलकरंजीतल्या एका मागाच्या कारखान्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षे कापड तपासण्याचे काम केले होते. हे काम कसे असते ते थोडक्यात सांगते. मागावरून उतरलेले कापड उजेडाच्या टेबलावरून पुढे सरकत राहते. तपासणारीने त्यावर नजर आणि तळहात दोन्ही ठेवायचे. कुठे धागा सुटला, कुठे गाठ आली, कुठे आडवा पट्टा उमटला की तेथे निळ्या खडूने फुली मारायची आणि पुढे जायचे. अठ्ठावीस वर्षे हेच केल्यामुळे मावशींच्या कमरेच्या बटव्यात पानसुपारी नसे, निळ्या खडूचा तुकडा असे. हाताला कापड लागले की तो तुकडा त्यांच्या नकळत बाहेर येई. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत त्यांनी खिडकीच्या पडद्यावर तीन फुल्या मारलेल्या मी पाहिल्या आहेत. एकदा जिन्यात मला थांबवून, "ओ बाई, जरा हलू नगासा," म्हणत त्यांनी माझ्या पदरावरही एक मारली.

"आपल्या दोघींचा धंदा एकच बगा बाई," त्या म्हणाल्या. "खडूचा. तुमी पोरांच्या चुका दावतासा, मी मागाच्या."

याच खडूने त्यांचे एक मोठे नुकसान केले होते. त्यांची थोरली बहीण निपाणीला असते. माहेर कर्नाटकच्या सीमेवरचे, म्हणून बहिणीला त्या अक्का म्हणत. अकरा वर्षांपूर्वी अक्काच्या धाकट्या मुलाच्या लग्नात अक्काने भर मांडवात मावशींना मानाची साडी दिली. मावशींनी ती घेतली, उलगडली, उजेडाकडे धरली, उलटी केली आणि बोलता बोलता, कोणताही वाईट हेतू मनात नसताना, काठाजवळ एक फुली मारली. सगळ्या पाहुण्यांनी ती पाहिली. अक्काने साडी तिथल्या तिथे परत घेतली आणि त्या दिवसापासून बोलणे बंद केले.

"हातानं मारली बाई, मी न्हाय," मावशी मला सांगत. आयुष्यात त्यांना आता एकच गोष्ट हवी होती, अक्काने पुन्हा बोलावे. तसे त्या कधी उघड म्हणत नसत. पण रस्त्यात निपाणीची पाटी लावलेली एसटी दिसली की चालू वाक्य अर्धवट सोडून तिच्याकडे पाहत राहत.

आता माझ्या साड्यांकडे येते.

गच्चीवरची कपडे वाळवण्याची दोरी आम्हा दोघींची सामाईक होती. एका रविवारी मावशी मिरच्या वाळत घालायला वर आल्या आणि दोरीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"बाई, एक इचारू? रागवायचं न्हाय."

"विचारा की."

"दोन म्हयनं झालं, तुमच्या दोरीवर चारच साड्या येत्यात. करडी, चौकड्याची, इटकरी आनि ही निळी. पगार येळंवर हुतोय न्हवं?"

मला हसू आले. मी म्हटले, "मावशी, माझ्या कपाटात एकतीस साड्या आहेत."

त्या हसल्या नाहीत. बोटांवर काहीतरी मोजून म्हणाल्या, "मग बाकीच्या सत्तावीस काय करत्यात तितं?"

"ठेवल्या आहेत."

"कुनासाठी?"

फळ्यासमोर उभ्या केलेल्या मुलाला उत्तर येत नसले की तो खडूकडे पाहू लागतो. मी दोरीवरच्या चिमट्यांकडे पाहू लागले. कपाट रोज दिसत होते, पण त्यातले काय प्रत्यक्ष अंगावर येते याचा पुरावा दोरीवर लटकत होता, आणि मी तो रोज स्वतःच्या हाताने वाळत घालत होते.

त्या संध्याकाळी मी सत्तावीस साड्यांचे वर्गीकरण केले. त्यांपैकी नऊ मी स्वतः घेतलेल्या होत्या: पाच सेलच्या गर्दीत, तीन स्टाफरूममधल्या सगळ्यांनी एकसारख्या घ्यायच्या ठरल्या म्हणून, आणि एक मोबाइलवर चित्र पाहून. उरलेल्या अठरा आहेरात आलेल्या. वाचकांना 'देण्याघेण्याच्या साड्या' हा प्रकार माहीत असेलच. दुकानात त्यांचे कपाट वेगळे असते. त्या घेणारी नेसत नाही आणि जिला मिळतात तीही नेसत नाही. ती त्यांची घडी न मोडता पुढच्या लग्नाची वाट पाहते.

मावशींचा सगळ्यात जुना दावा या प्रकाराशीच होता. "देन्याघेन्याची म्हंजे काय ओ? नेसायची न्हाय? मग साडी कशाला म्हनायचं तिला, पावती म्हना! अमक्याच्या लग्नाला गेलतो, ही पावती."

मी खाली नेलेल्या अठराच्या अठरा साड्या त्यांनी मोजून पाहिल्या. पदराचे टोक नाकाला लावायचे, हात पूर्ण लांब करायचा, तो एक वार. अशी त्यांची मोजपट्टी. मापात त्यांनी अकरा साड्या अपुऱ्या ठरवल्या. मला नाकावर विश्वास ठेवणे जड गेले म्हणून मी शाळेची टेप आणली. साडी साडेपाच मीटर असावी अशी आपली अपेक्षा असते. त्या अकरा साड्या खरोखरच तेवढ्या नव्हत्या, काही तर जेमतेम पाचच्या पुढे होत्या. यांतली एखादी कधी समारंभाला नेसली की निऱ्या चारच का येतात आणि मला आखडून का चालावे लागते, हे मी इतकी वर्षे माझ्या अंगाचा दोष समजत होते.

"सगळ्या देऊन टाकते," मी म्हटले.

"देऊन टाकतासा? पेपर न तपासताच नापास करतासा व्हय पोरांस्नी?"

आणि मग त्यांनी नियम घातला. कोणतीही साडी बाद करण्यापूर्वी ती एक पूर्ण दिवस शाळेत नेसायची, प्रार्थनेपासून शेवटच्या तासापर्यंत. आरशासमोरची पाच मिनिटे धरायची नाहीत. मी दोनशे पानी वही घेतली आणि रकाने आखले: लांबी, पोत, निऱ्या, फळ्यावर लिहिताना, जिना चढताना. शेवटचा रकाना मावशींनी सांगितला. मी तेथे 'कशी दिसते' असे लिहिले होते. त्यांनी ते खोडायला लावले. "शाळा सुटताना कसं वाटलं, त्ये लिवा. दिसन्याचं लोकं बघतील."

पुढचे सत्तावीस दिवस आमच्या शाळेत माझ्याइतकी चर्चा कोणाचीच झाली नसेल. पहिल्याच दिवशी चंदेरी बुट्ट्यांची साडी पाहून शिपाईमामा फाटकातच थांबले. "बाई, आज कुनाचं लगीन? तास हायत न्हवं?" एका जांभळ्या जॉर्जेटचा पदर मी फळ्यावर मोठ्या कंपासने वर्तुळ काढत असताना दोनदा घसरला आणि परीघ दोन्ही वेळा अर्धाच राहिला. एक साडी इतकी कडक होती की तिची सळसळ माझ्याआधी वर्गात पोचत असे आणि आठवी ब मी येण्यापूर्वीच शांत बसलेली असे. हा त्या साडीचा एकमेव गुण मी वहीत प्रामाणिकपणे नोंदवला आहे.

निकालाने मात्र मला चकित केले. सत्तावीसपैकी सात साड्या चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाल्या. त्यांत एका लांबच्या काकूंनी दिलेली वांगी रंगाची साडी होती. रंग आवडला नाही म्हणून मी ती सहा वर्षे खालच्या कप्प्यात दाबून ठेवली होती. शेवटच्या रकान्यात तिच्यासमोर मी लिहिले आहे: 'साडी नेसली आहे हे दिवसभर आठवलेच नाही.' मावशींनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. "ह्येच," त्या म्हणाल्या. "ह्येच्यापरीस चांगलं सर्टिफिकेट न्हाय कापडाला."

उरलेल्या वीस साड्या पुढे कोणाच्या आहेरात ढकलायला त्यांनी सक्त मनाई केली. आपल्याला नकोशी झालेली वस्तू दुसऱ्याच्या कपाटात लपवणे म्हणजे आवरणे नव्हे, हे मलाही पटले. आठ मऊ साड्यांची वाकळ झाली. ती अंथरूण-पांघरूण दोन्ही म्हणून मी आजही वापरते. बारा चकचकीत साड्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी दिल्या आणि त्यांतून राजदरबाराचा भव्य पडदा उभा राहिला. कार्यक्रमाला माझी आत्या आली होती. पडद्यात तिनेच आहेरात दिलेल्या तीन साड्या होत्या. ती कौतुकाने म्हणाली, "किती सुंदर कापड आहे ग! कुठून आणलं?"

"घरचंच आहे," मी म्हटले, आणि त्यात काहीही खोटे नव्हते.

आता कपाटात अकरा साड्या राहिल्या. पुढचा धडा खरेदीचा. महाद्वार रोडवरच्या एका दुकानात मावशींना सगळे ओळखत. आम्ही पायरी चढलो की मालक गल्ल्यावरून ओरडत, "तपासणी आली रे! माल खडूपासनं लांब ठेवा!" पण खुर्ची आणि पाणी तेच पुढे करत. पहिल्या फेरीत मावशी फक्त पाहत. दुसऱ्या फेरीत हात लावत. घ्यायचे असले तर तिसऱ्या फेरीत. साडी हातात आली की ती दुकानातल्या दिव्यांखालून उचलून दाराशी, उन्हाच्या उजेडात न्यायची. आधी उलटी बाजू पाहायची. कापड दोन हातांत धरून चोळायचे. खळ लावून जाड केलेले असेल तर बोटांवर पांढरी भुकटी येते. कोपरा मुठीत दाबून दहा आकडे मोजायचे आणि मूठ उघडून चुण्या किती पडल्या ते पाहायचे. ओल्या रुमालाने काठ पुसून रंग लागतो का ते बघायचे. हे सगळे झाले की त्या माझ्याकडे वळत.

"आता सांगा बाई, ही नेसून सोमवारी काय करनार?"

"एखाद्या लग्नात..."

"लग्नाचं इचारलं न्हाय. सोमवारी."

दहांपैकी आठ साड्यांना सोमवार नसे. त्या परत जात. त्या वर्षभरात मी फक्त तीन साड्या घेतल्या आणि तिन्ही आजतागायत दोरीवर येतात. मोबाइलवर कापड घेण्याविषयी मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "फोटोत कापड बघायचं म्हंजे वासावर जेवायचं. ढेकर याची न्हाय."

त्याच वर्षी निपाणीहून पत्रिका आली. अक्काच्या थोरल्या मुलाच्या मुलीचे, म्हणजे नातीचे लग्न. पत्रिका अक्काने पाठवली नव्हती, भाच्याने पाठवली होती. मावशींनी ती देवाजवळ ठेवली, तेथून उचलून टीव्हीवर ठेवली आणि संध्याकाळी माझ्याकडे वर घेऊन आल्या.

"जानार न्हवं?" मी विचारले. त्यांच्यासारखे बोलायची मला सवय लागली होती.

"जानार. अक्काला साडी न्यायला पायजे. मानाची." त्या पत्रिकेवरून अंगठा फिरवत राहिल्या, जणू तीही उलटी करून पाहायची होती. "ह्या बारीला चुकली तर संपलं बाई. आमी दोघी आता किती वर्सं असनार."

मी वही उघडली आणि त्यांचेच प्रश्न त्यांना विचारू लागले. अक्का दिवसभर काय करतात? खाली बसतात की खुर्चीवर? त्यांना जड पदर सोसतो का?

मावशी म्हणाल्या, "मला काय म्हाईत? अक्का जाड झालीया का बारीक, त्येबी म्हाईत न्हाय मला."

कापडाविषयी कोणत्याही प्रश्नाला 'माहीत नाही' असे उत्तर मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होते.

तेव्हा मी भाच्याच्या बायकोला फोन केला. स्वतःची ओळख करून दिली आणि एक विचित्र विनंती केली: आठवडाभर रोज घरच्या कपडे वाळवायच्या दोरीचा एक फोटो पाठवाल का? ती आधी हसली, मग तिच्या लक्षात आले. सात दिवस सात फोटो आले. फोटोतले कापड म्हणजे वासावरचे जेवण म्हणणाऱ्या मावशी माझ्या मोबाइलला नाक लावून बसल्या.

"मोठं करा. आनि मोठं. आता खाली या." त्या बोटाने पडद्यावर दाखवू लागल्या. "सात दिसांत दोनच साड्या हायत. ही हिरवी आनि ही तपकिरी. दोन्ही सुती. बगा, ह्यो काठ म्होरनं धड हाय, मागनं घासलाय. अक्का खाली बसंना आता. खुर्चीवर बसती, मागला काठ खुर्चीला घासतोय. गुडघं गेलं असनार." आणखी काही वेळाने, "कमरंची खोचायची जागा बगा, चुन्या किती पडल्यात. बारीक झालीया." हिरव्या साडीवर त्यांचे बोट थांबले. रंग अगदी उतरलेला होता. "ही माझ्याच कारखान्याजवळच्या दुकानातली. मीच दिलती तिला. लई वर्सं झाली."

मोबाइलचा पडदा काळा झाला तरी त्यांचे बोट तेथेच होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही महाद्वार रोडला गेलो आणि त्यानंतर आणखी दोनदा. तिसऱ्या फेरीला गादीवर दोन साड्या उरल्या. एक रुंद जरीकाठाची भारी रेशमी. दुसरी बाटलीच्या रंगाची हिरवी, मऊ सुती, बारीक पिवळा काठ. मालकांनी रेशमी साडी पुढे सरकवली.

"मावशी, माझं ऐका. थोरल्या भनीला, नातीच्या लग्नात, सुती देतासा? मांडवात नावं ठेवतील. अगोदरच तुमचं नाव काय कमी हाय व्हय तितं?"

ते थट्टेने म्हणाले, पण खरेच होते. मावशींचा हात जरीकाठावर गेला आणि तेथेच राहिला. रेशमी साडी नेली असती तर अख्खा मांडव म्हणाला असता, बहिणीने मान ठेवला. सुती नेली तर ती पसंत करणारी एकच बाई, आणि ती बोलत नव्हती. पंचवीस लोकांच्या पसंतीची साडी न्यायची की एकीच्या, एवढाच हिशेब होता. पण गणिताच्या बाईलाही तो सोडवता येईना.

"बाई, तुमी सांगा."

मला एकच प्रश्न ठाऊक होता आणि तो त्यांचाच होता. "सोमवारी अक्का काय नेसतील?"

मावशींनी जरीकाठावरचा हात उचलला.

घरी आल्यावर त्यांनी जे केले ते पाहून मला धास्ती वाटली. त्यांनी ती नवी कोरी साडी धुतली. एकदा नव्हे, आठवड्यात तीनदा. मी म्हटले, "मावशी, मानाची साडी धुवून देतात का कुणी?"

"कापूस अंगाला लागायला दोन-चार धुनी जात्यात. तवर ती कपाटात ठेवंल आनि ठेवली की गेली. त्यापरीस मऊ करूनच देतो."

आमच्या दोरीवर त्या आठवड्यात आमच्या दोघींपैकी कोणाचीच नसलेली एक हिरवी साडी वाळत होती. मावशी दुपारी वर येऊन तिची बाजू बदलत, म्हणजे एकच बाजू उन्हाने फिकट होऊ नये. लग्नाला आम्ही दोघी निघालो तेव्हा मी बजावले, "आज खडू घरी ठेवायचा."

"ठेवतो की. मी काय खुळी हाय?"

निपाणीच्या कार्यालयात अक्का दाराजवळ बसल्या होत्या, खुर्चीवर. अंगाने बारीक. मी मनातल्या मनात दोन्ही उत्तरांवर बरोबरची खूण केली. मावशींनी कुंकू लावले, वाकून नमस्कार केला आणि पिशवी अक्कांच्या मांडीवर ठेवली. आजूबाजूच्या बायका पुढे सरकल्या. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट सगळ्यांना पाठ होती.

अक्कांनी साडी बाहेर काढली. मागून कुणीतरी म्हणाले, "सुती दिसतीया." दुसरी म्हणाली, "आनि धुतल्याली गं!" मावशी खाली पाहत होत्या.

अक्कांनी साडी उलगडली. उजेडाकडे धरली. उलटी केली. मग साडीवरची नजर न काढता त्यांनी मावशींपुढे हात पसरला.

"खडू दे."

"खडू न्हाय आनला, अक्का."

"खोटं बोलू नगंस. बटवा सोड."

अकरा वर्षांतले पहिले बोलणे हे असे झाले. मावशींनी माझ्याकडे पाहिले नाही. बटवा सोडला. निळा तुकडा अक्कांच्या तळहातावर ठेवला. अक्कांनी मला दुसरे टोक धरायला सांगितले आणि पदरापासून सुरुवात केली. साडेपाच मीटर साडी त्यांनी वितीवितीने हाताखालून जाऊ दिली, दोन्ही काठांवरून अंगठा फिरवत, मधे दोनदा थांबत. दोन्ही वेळा मावशी पुढे वाकल्या. आत भटजी घाई करत होते; त्यांच्याकडे कुणाचेच लक्ष नव्हते.

शेवटच्या टोकाला पोचल्यावर अक्कांनी खडू मावशींच्या हातात परत ठेवला.

"खडू लागला न्हाय," त्या म्हणाल्या.

मग साडीची घडी करता करता, जणू मधे एखादाच दिवस गेला आहे अशा आवाजात म्हणाल्या, "तवाच्या त्या साडीला तू फुली बरुबर जागी मारलीतीस. तुला खोटं पाडायचं म्हनून मी मुद्दाम नेसलो ती. दुसऱ्या धुन्याला फुलीपाशीच फाटली."

मावशींचा आवाज प्रथमच मी इतका लहान ऐकला. "मग अक्का, तवाच का न्हाय सांगितलंस?"

"कसं सांगू? बोलत न्हवतो न्हवं आपन!"

त्यावर पहिल्यांदा अक्काच हसल्या. मग मावशी हसल्या, आणि कार्यालयभर ऐकू जाईल असा त्यांचा आवाज परत आला.

पुढच्या सोमवारी दुपारी माझ्या मोबाइलवर निपाणीहून एक फोटो आला. मी काही मागवला नव्हता. दोरीवर बाटलीच्या रंगाची हिरवी साडी वाळत होती. मी तो मावशींना दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला, आणखी मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, "उलटी वाळत घातलीया. रंग टिकंल."

मी आता फुलेवाडीला राहते. महिन्यातून एकदा मावशींकडे जाते. दार उघडल्यावर त्या आधी माझा पदर उलटा करून पाहतात आणि नंतर 'आलासा?' असे विचारतात.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. माझ्या कपाटात नेसायला काही नव्हते, कारण त्यातली बहुतेक कापडे मी नेसण्यासाठी घेतलीच नव्हती. काही इतरांनी रीत म्हणून दिलेली, काही मी घाईत उचललेली. त्यांपैकी बहुतेकींना सोमवार नव्हता. त्यावरचा उपाय आणखी साड्या आणणे हा नव्हता. आहेत त्या एकेक दिवस अंगावर तपासणे आणि नवी घेताना तिची उलटी बाजू व तिचा सोमवार आधी पाहणे, एवढाच तो होता.

हे निष्कर्ष एका घरातल्या एका दोरीवरून काढलेले आहेत. ते केवळ माझ्या शब्दावर मान्य करू नयेत. आजपासून महिनाभर आपल्या दोरीवर किती वेगळे कपडे आले ते मोजावे, मग कपाटातले मोजावे आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत. एखादी साडी किंवा शर्ट उजेडात नेऊन उलटा करून पाहावा. कृपया प्रत्येकाने हे स्वतः पडताळून पाहावे. मात्र आपल्या घरी, मांडवात नव्हे.